निळी रेघ

१

जागेश्वर पराते सापडला तेव्हा संध्याकाळचे पावणेसात झाले होते. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीला लागून एक बंद पडलेली, कापसातून सरकी काढणारी जिनिंग फॅक्टरी होती. तिच्या बाहेरच्या दगडी जिन्याच्या पायथ्याशी तो कुशीवर पडलेला होता. डोक्याखालची पायरी काळी झाली होती.

तारीख १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. सूर्यग्रहणाचा दिवस. दक्षिणेकडे ते खग्रास होतं. नागपूरकडे थोडीशी कोर शिल्लक राहिली. दुपारी अडीचपासून पाचपर्यंत रस्त्यावर माणूस म्हणून दिसला नाही. दुकानं बंद, दारं बंद, खिडक्यांना चादरी लावलेल्या. पाच वाजून गेल्यावर लोक आंघोळी करून बाहेर आले, आणि दोन तासांच्या आत कळमेश्वरात बातमी पसरली की ग्रहणानं एक बळी घेतला.

प्रेत दोघांनी मिळून पाहिलं होतं. एक जिनिंगचा म्हातारा चौकीदार भैयाजी. दुसरा श्रावण निनावे, सरकारी वायू प्रयोगशाळेच्या जीपचा ड्रायव्हर. रोज संध्याकाळी तो जागेश्वरला घ्यायला नागपूरहून येत असे. जागेश्वर त्याचा सख्खा मेहुणा होता. श्रावणची धाकटी बहीण अनुसया त्याला दिलेली. पोलीस आले तेव्हा श्रावण भिंतीशी उकिडवा बसून दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं दाबत होता.

रविवारी सकाळी कळमेश्वर ठाण्याचे इन्स्पेक्टर गोपाळराव उमाठे एका हवालदाराला घेऊन तो जिना चढून गच्चीवर गेले. पन्नाशी ओलांडलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा माणूस. कोणाला घाई करत नसत, आणि एकच प्रश्न तिघा-चौघांना विचारायची त्यांना वाईट खोड होती. हवालदार मागे हसत.

गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली जागेश्वरचं यंत्र होतं. शिवणयंत्राएवढी लोखंडी पेटी. तिला एक जाड नळी, आणि ती नळी समोरच्या ‘विश्वंभर ॲसिड वर्क्स’च्या धुराड्यावरच्या आकाशाकडे रोखलेली. पेटीशेजारी दुसरी छोटी पेटी. तिच्यातून कागदाची पट्टी सरकायची आणि दोन पेनं तिच्यावर रेघा काढायची. एक लाल, एक निळं. यंत्र बंद केलेलं होतं, नळीवर झाकण होतं. दिवसभराचा कागद फाडून, नीट गुंडाळून मेजावर ठेवला होता. वरच्या टोकाला इंग्रजी आकड्यांत 16-2-80. खालच्या टोकाला सुबक अक्षरात: ‘5.30. यंत्र बंद. ज. पराते.’

म्हणजे साडेपाचला काम आटोपून माणूस खाली यायला निघाला आणि कठडा नसलेल्या जिन्यावरून कोसळला. डॉक्टरांचा अंदाजही चार ते सहाच्या दरम्यानचा होता. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: पडल्यावर तो लगेच गेला नाही. तासभर तरी श्वास चालू असावा.

पंचनामा लिहायला हवालदारानं पेन उघडलं. उमाठे मात्र यंत्राच्या पायाशी वाकून काहीतरी पाहत होते.

तिथे एका रेषेत, टाचा भिंतीकडे करून, जागेश्वरच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या.

“घरी जायला निघालेला माणूस,” उमाठे म्हणाले, “चपला इथंच टाकून कसा जाईल?”

२

‘विश्वंभर’चे मॅनेजर मधुसूदन डबीर यांनी चहा मागवला, पंखा लावला, आणि झालं ते फार वाईट झालं असं तीनदा म्हटलं.

“तीन आठवड्यांपासून तो आमच्यावर दुर्बीण लावून बसला होता, तरी माझा त्याच्यावर राग नव्हता,” ते म्हणाले. “संत्रावाल्यांनी तक्रार केली की आमच्या गंधकाच्या धुरानं पानं जळतात. सरकारनं म्हटलं, मोजा. आम्ही म्हटलं, खुशाल मोजा.”

“आणि जास्त निघालं तर?”

“तर मार्चपासून कारखाना बंद. दोनशे दहा माणसं घरी. त्यातली निम्मी तुमच्या नागपूरची, हातमाग बंद पडले म्हणून इकडे आलेली.” डबीर हसले. “पण निघालं नाही ना. तुमच्याजवळ आहे म्हणे शनिवारचा कागद. लाल रेघ खालीच असेल.”

लाल रेघ खरोखरच खाली होती. उमाठ्यांनी सकाळी गच्चीवरच कागद उलगडून पाहिला होता.

“ती निळी रेघ कशाची असते?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत! मी त्या यंत्राला हातही लावला नाही.”

“शनिवारी दुपारी तुम्ही कुठं होता?”

“इथंच. कारखाना चालू होता. माणसं मात्र सगळी आत, पत्रे ओढून. साडेपाचला मी गावातल्या देवळात गेलो, साडेसातपर्यंत तिथंच होतो. पन्नास जणांनी पाहिलंय.”

उत्तर इतकं तयार होतं की उमाठ्यांनी चहा अर्धाच ठेवला.

बाहेर पडून ते जीपकडे न जाता कुंपणाच्या कडेनं चालत राहिले. कुंपणापलीकडे हरभऱ्याचं वावर होतं. वाऱ्याच्या दिशेनं एक लांब पट्टाच्या पट्टा पांढुरका पडला होता, कोणीतरी चुन्याचं पाणी शिंपडल्यासारखा. कडेच्या कडुनिंबाची पानं एका बाजूनं गुंडाळली गेली होती. वावराची मालकीण रंभाबाई बांधावर बसून होती. तिचे डोळे लालभडक होते.

“हे केव्हा झालं?” उमाठ्यांनी विचारलं.

“गरनातच झालं जी. आमी तं घरात होतो दार लावून. अंदार पडला अन् नाकात असा ठसका बसला, का लेकरं ओकाले लागली. गाय रातभर खोकलली.” तिनं पदर नाकाला लावला. “सासू म्हने, गरनाचं विष होय. बाहेर पाहू नका.”

कागद सांगत होता की शनिवारी हवा दिवसभर स्वच्छ होती. हे वावर काही वेगळंच सांगत होतं.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि हरभऱ्याला खोटं बोलता येत नाही.

३

नागपूरच्या महाल भागात निनाव्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागं एक पडवी. पडवीत बापाच्या वेळचा हातमाग धूळ खात होता. श्रावण ओट्यावरच बसला होता. दोन दिवसांत त्याचे गाल बसले होते.

“शनिवारी तू कुठं होतास, श्रावण?”

“घरीच होतो साहेब. अनुसया सातव्या महिन्यात हाय, बाळंतपनाले माहेरी आनलं तिले. तिले गरन पाळाचं होतं. आई देवळात जप करत बसली होती. मी बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून पडलो होतो. पाचाले गरन सुटलं, तवा नळावर आंघोळ केली. साऱ्या गल्लीनं पाह्यलं मले. मंग सव्वासहाले जीप काढली अन् कळमेश्वरले गेलो.”

उमाठ्यांनी गल्लीत आधीच विचारून घेतलं होतं. पाच-दहापासून सव्वासहापर्यंत श्रावण नळावर, पानठेल्यावर, शेजारच्या ओट्यावर होता. जागेश्वरनं साडेपाचला यंत्र बंद केलं असेल, तर श्रावणचा त्याच्या पडण्याशी संबंध असूच शकत नव्हता.

“रोजचे कागद प्रयोगशाळेत तूच नेतोस ना?”

“हो जी. नागपुरात, सदर भागातल्या ऑफिसात. पन बुधवारपासून ऑफिसच बंद हाय. मॅडम अन् सारे गरन पाहाले रायचूरकडे गेले. जागेश्वरभाऊ एकटेच होते.”

“त्या कागदावरची निळी रेघ कशाची असते रे?”

“निळी होय?” श्रावण क्षणभर गोंधळला. “ते दिव्याची. यंत्रात दिवा असते आत, तो पेटून राहिला का नाही ते दाखवते. भाऊच म्हनत, दिव्याची रेघ सरळ पाह्यजे. तिचं काही काम नाही साहेब. काम लालचं.”

अनुसया आतल्या खोलीत चटईवर बसली होती. पंचविशीची, सावळी; रडून रडून आवाज बसलेला. उमाठे दारातच टेकले.

“बाई, फार त्रास देत नाही. जागेश्वर शेवटचे केव्हा भेटले?”

“शुक्रवारी रातच्याले आले होते जेवाले. लय खुशीत होते.” ती थांबली. “म्हने, साऱ्या हिंदुस्थानात मोठे मोठे लोक दुर्बिनी लावून बसनार हायेत, अन् माह्याजवळ आपलं हे जुनं यंत्र. पन मी बी पाहीन. मी म्हटलं, मले तं चादरीआड पडून राहाचं हाय, मले काय दिसनार? तं म्हने, तू काहून भेतं? मी तुले गरन कागदावर धरून आनतो. दोघं मिळून पाहू.”

“चित्र काढायचे का ते?”

“नाई. यायले रेघसुद्धा सरळ काढता येत नव्हती.” पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, आणि लगेच मोडलं.

“शनिवारी दुपारी श्रावण घरीच होता?”

“होता ना. रेडिओ चालू होता बाहेर.”

उमाठे उठले. दाराशी पोचले तेव्हा मागून तिनं विचारलं, “साहेब, ते पडले का कोनी पाडलं?”

“काहून विचारता?”

“ते त्या जिन्यावरून रोज चारदा उतरत. मागाच्या पट्ट्या पायानं दाबत वाढलेला मानूस पाय कुठं टाकाचा ते इसरत नाई.”

४

सोमवारी उमाठ्यांनी भैयाजीला जिनिंगच्या पायरीवर बसवून बिडी दिली.

“मी खोलीतच होतो गा साहेब,” भैयाजी म्हणाला. “फटी साऱ्या चिंध्यांनी बुजवल्या होत्या. घड्याळ माह्यापाशी नाही. पडल्या पडल्या डोळा लागला. जागा झालो तं सांज झाली होती. मंग धप्प आवाज आला. मले वाटलं, माकडानं छपराचं कवेलू पाडलं.”

“फटी बुजवलेल्या. मग सांज झाली हे कसं कळलं?”

“पाखरं आली ना वडावर. रोज सांजेले येते. लय कलकल करते, मंग एकदम चूप होते. चूप झाले अन् धप्प झालं.”

हवालदार म्हणाला, “बघा साहेब, म्हणजे सहाच्या सुमारासच.”

उमाठ्यांनी मान हलवली. मग त्यांच्या खोडीप्रमाणे तोच प्रश्न फिरवून विचारला. “आवाज झाल्यावर तू काय केलंस, भैयाजी?”

“काय करनार! पुन्हा पडलो. थोड्या वेळानं जीपगाडीसारखं काही वाजलं, पन मी नाई उठलो. मंग उठलो तं पाखरं पुन्हा कलकल करून राहिली. मले वाटलं, अरे, सकाळ झाली का काय! बाहेर येऊन पाहातो तं दिवस बुडून राहिला होता.”

हवालदार हसला. उमाठे हसले नाहीत. त्यांच्या बिडीची राख पँटवर पडली तरी त्यांना कळलं नाही.

मंगळवारी डॉक्टर चारुशीला देवस्थळी रायचूरहून परतल्या आणि स्टेशनवरून थेट कळमेश्वरला आल्या. प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. चाळिशीच्या, उंच; डोळे सुजलेले. जागेश्वरला त्यांनीच विणकरांच्या रात्रशाळेतून उचलून प्रयोगशाळेत आणलं होतं.

“हे यंत्र आकाशातला उजेड आत घेतं,” नळीवरचं झाकण काढत त्या म्हणाल्या. “गंधकाचा वायू त्या उजेडातले काही बारीक पट्टे खाऊन टाकतो. ते किती खाल्ले गेले, ते लाल पेन सांगतं. जागेश्वरचा हात यात इतका बसला होता की...” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि बटण दाबलं.

कागद सरकू लागला. दोन्ही पेनं थरथरली आणि स्थिरावली. फेब्रुवारीतलं ऊन लख्ख होतं. उमाठे पेनांकडे पाहत उभे राहिले. समोरच्या धुराड्यातून बारीक धूर निघत होता आणि लाल पेन थोडंसं वर चढलं होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

मग पश्चिमेकडून एक ढग आला. गच्चीवर सावली पडली. आणि निळं पेन, कोणी हात न लावता, हळूच खाली उतरलं. ढग सरकला तसं पुन्हा वर आलं.

“हे काय झालं?” उमाठ्यांनी विचारलं.

“काही नाही, ढग होता. निळं पेन नुसता उजेड मोजतं. बाहेर किती उजेड आहे तेवढंच.”

“आतल्या दिव्याचं नाही?”

“आत दिवाच नाही, इन्स्पेक्टर. सूर्य हाच याचा दिवा. आमची मुलं गमतीनं त्यालाच दिवा म्हणतात.”

उमाठ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मॅडम, ग्रहणाच्या दुपारी हे पेन कसं चाललं असतं?”

“अडीचपासून खाली उतरत गेलं असतं. पावणेचारच्या आसपास अगदी तळाला. मग पुन्हा वर. विहिरीएवढा खड्डा पडला असता कागदावर.” आणि मग त्यांचा आवाज बदलला. “का? तुमच्याकडे शनिवारचा कागद आहे ना?”

उमाठ्यांनी काखेतली गुंडाळी काढून मेजावर उलगडली. अकरा, बारा, एक, दोन. अडीच. तीन. पावणेचार.

निळी रेघ सरळ होती. संध्याकाळकडे हळूहळू कललेली, पण त्या दुपारी सूर्याला काही झालंय याचा तिला पत्ताच नव्हता.

“हा शनिवार नाही,” डॉक्टर देवस्थळी म्हणाल्या. “हा दुसराच कुठला तरी दिवस आहे.”

५

त्याच दुपारी उमाठ्यांनी श्रावणला ठाण्यात बोलावलं. डॉक्टर देवस्थळी खिडकीपाशी बसल्या होत्या. मेजावर कागद पसरलेला होता, वर भिंग ठेवलेलं.

“बस, श्रावण. मी बोलतो, तू ऐक. चुकलं तर सांग.

“या कागदावरचं सोळा आधी पंधरा होतं. पाचाचं पोट वेगळ्या शाईनं बंद करून सहा केलेत. अक्षर जागेश्वरचं, सही जागेश्वरची, ‘साडेपाचला यंत्र बंद’ हेही त्याचंच, पण शुक्रवारचं. शनिवारचा कागद कोणीतरी नेला आणि त्याच्या जागी शुक्रवारचा ठेवला. मग जागेश्वर साडेपाचला जिवंत होता, याला पुरावाच काय राहिला?

“भैयाजीनं त्या दिवशी पाखरं दोनदा वडावर आलेली ऐकली. दुसऱ्यांदा खरी सांज होती. पहिल्यांदा ग्रहणाचा अंधार होता. पाखरांना काय कळतं, ती येऊन बसली आणि गप्प झाली. तेव्हाच धप्प आवाज झाला. पावणेचार-चारच्या सुमारास. त्या वेळी डबीर कारखान्यात होते, आणि तू, तुझ्या म्हणण्याप्रमाणे, महालात.

“आता शुक्रवारचा कागद कोणापाशी होता? मॅडम रायचूरला. ऑफिसला कुलूप. डबीरांच्या हातात एकही कागद कधी आला नाही. शुक्रवारी संध्याकाळी जागेश्वरनं तो गुंडाळून दिला जीपच्या ड्रायव्हरकडे. मघाशी मी जीपची पेटी पाहिली. बुधवारचा कागद आहे, गुरुवारचा आहे. शुक्रवारचा नाही.

“पण एक गोष्ट मला कळेना. ज्याला यंत्र कळतं, तो ग्रहणाच्या दिवशी असा कागद ठेवणार नाही. ज्याला काहीच कळत नाही, तो कागद बदलायच्या भानगडीत पडणार नाही. कागद त्यानं बदलला, ज्याला लाल रेघ कळत होती आणि निळी कळत नव्हती. निळी रेघ आतल्या दिव्याची, तिचं काही काम नाही, असं मला एकाच माणसानं सांगितलं.”

श्रावणनं बोट पुढं केलं आणि त्या सरळ निळ्या रेघेवरून अगदी हलकेच फिरवलं.

“म्हनजे ते सूर्याची होती,” तो म्हणाला.

“शनिवारचा कागद कुठं आहे?”

“घरी. मागावर. कापड गुंडाळतात ना ज्या लाकडावर, त्याच्यावर गुंडाळला. जाळाले गेलो होतो, नाई जाळता आला.”

मग तो बोलत राहिला. कारखान्याचा वायू धुणारा मनोरा महिन्यापासून बिघडला होता. डबीरनी ठरवलं होतं की ग्रहणात सारा गाव घरात असेल तेव्हा साठलेला वायू सोडून मनोरा उघडायचा. शुक्रवारी त्यांनी श्रावणला गाठलं आणि म्हणाले: तुझ्या गल्लीतली चाळीस पोरं इथं कामाला आहेत. त्या दोन तासांपुरतं यंत्र बंद ठेवायला तुझ्या मेहुण्याला सांग, नाहीतर मार्चमध्ये चाळीस चुली विझतील.

“मी रेडिओ मोठ्यानं लावला अन् मागच्या दारानं निघालो. रस्त्यावर कोनी नव्हतं. साहेब, तशी सुनसान सडक मी जन्मात नाई पाह्यली. वर गेलो तं भाऊ कागदावर वाकून होते. अंदार पडला होता अन् लाल पेन पार वर जाऊन आपटून राहिलं होतं. मले म्हने, पाह्य श्रावण, पाह्य. मी म्हटलं, बंद करा. म्हने, काहून? मी म्हटलं, आपल्या लोकांसाठी. ते म्हने, वावरात राहनारे बी आपलेच लोक होय. मी कागद ओढला अन् जिन्याकडे वळलो. त्यायनं वरच्या पायरीवर येऊन माहा हात धरला. मी झटकला.”

खिडकीपाशी डॉक्टर देवस्थळींनी तोंडावर हात ठेवला.

“खाली उतरलो तं डोळे उघडे होते त्यायचे,” श्रावण म्हणाला. “मले म्हने, जीप आन.”

“मग?”

“जीपमदला शुक्रवारचा कागद घेऊन मी वर गेलो. पह्यले कागद बदलला. यंत्र बंद केलं. मंग उतरलो. त्यायले पाहून पाय उचलेना माहा. म्हटलं, दवाखान्यात नेलं तं सारे विचारतील. जीपमदी बसलो अन् घरी आलो.”

“तेव्हा श्वास चालू होता?”

श्रावणनं मेजावरचा कागद उलटा करून ठेवला. उमाठ्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक प्रश्न एकदाच विचारून सोडून दिला.

६

मागावरून उलगडलेला तो कागद प्रयोगशाळेनं सरकारला सादर केला. निळी रेघ अडीचपासून खाली गेली होती, आणि नेमक्या त्याच खड्ड्यात लाल रेघ चढत चढत कागदाच्या कडेला जाऊन चिकटली होती. शेजारी जागेश्वरच्या अक्षरात वेळा टिपलेल्या होत्या. शेवटची वेळ ३.४६ ची. ‘विश्वंभर’ला मार्चात टाळं लागलं. डबीर जामिनावर सुटले आणि त्यांच्यावर वेगळा खटला चालू झाला.

महालातल्या त्या गल्लीत चाळीस पोरं घरी बसली. अनुसया सासरी गेली. एप्रिलमध्ये तिला मुलगी झाली. बारशाला निनाव्यांच्या गल्लीतून कोणी आलं नाही.

श्रावणनं कोर्टात जबाब फिरवला. वकिलांनी शिकवलं असेल. पोलिसांनी मारून वदवून घेतलं, कागद दुसऱ्या कोणी आणून मागावर ठेवला, शनिवारी आपण घरीच होतो, बहिणीला विचारा. गच्चीवर त्याला पाहणारं कोणी नव्हतं. जीपसारखा आवाज ऐकणारा भैयाजी उलटतपासणीत अडखळला. सगळा खटला येऊन एका खोलीवर टेकला: त्या दुपारी बाहेरच्या खोलीत माणूस होता की नुसता रेडिओ?

साक्षीच्या आदल्या दिवशी आई अनुसयाकडे गेली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. नातीला मांडीवर घेतलं नाही. दारातच बसून म्हणाली, “तुहा नवरा तं गेला वं. आता माहा पोरगा बी नेतं का? एवढंच म्हन, का तो घरात होता. तुले तं तसंच वाटलं होतं ना? खोटं थोडीच होय.”

अनुसयानं तिला पाणी दिलं.

जुलैच्या त्या दिवशी कोर्टात गर्दी होती. गल्लीतले लोक एका बाजूला बसले होते. उमाठे भिंतीशी उभे होते. ती काय सांगणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं. श्रावणच्या वकिलांनी मोठ्या प्रेमानं विचारलं, “ताई, तुमचा भाऊ बाहेरच्या खोलीत होता, असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं. बरोबर?”

“हो. सांगतलं होतं.”

“रेडिओ चालू होता?”

“हो.”

“बस, एवढंच विचारायचं होतं.”

“माहं सांगून नाई झालं,” अनुसया म्हणाली.

वकील थांबले. न्यायाधीशांनी मान वर केली.

“त्या दुपारी माह्या पोटात दुखाले लागलं होतं. लय दुखलं. मले वाटलं, लेकरू जाते आता. आईनं बजावलं होतं, जागेवरून हलू नको. म्हनून मी पडल्या पडल्या हाक मारली. दादा, ये. मंग पुन्हा मारली. रेडिओचा आवाज असन म्हनून तिसऱ्यांदा ओरडून मारली.” ती साक्षीच्या पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिनं भावाकडे पाहिलं, सरळ. “माहा दादा लहानपनापासून माह्या एका हाकेवर धावत येत होता साहेब. रातच्याले बी. त्या दिवशी कोनी आलं नाई. मी हे कोनाले सांगतलं नाही, स्वतःले बी नाही.”

श्रावणनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

अनुसया पिंजऱ्यातून उतरली. दाराशी तिची सासू मुलीला घेऊन उभी होती. अनुसयानं मुलगी आपल्या कडेवर घेतली आणि आईच्या समोरून चालत बाहेर गेली.